डावीकडे सरकणारी टेकडी

ज्यांडिरा हट्टी आहे, हे साओ कार्लोसच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. किती हट्टी, ते त्या आठवड्यात कळलं.

आमचं काम तसं साधं, वास सोडला तर. कुजक्या कलेजीवर वाढवलेल्या माशीचं डोकं मेणाने घट्ट बसवायचं, डोळ्यातल्या एकाच पेशीत काचेची बारीक सुई घालायची आणि समोरच्या लोखंडी कमानीवरून दिवा सरकवायचा. दिवा पेशीच्या नेमका समोर आला की ती जोरात उत्तर देते, जरा बाजूला गेला की गप्प होत जाते. कागदावर आलेखाची छान टेकडी उमटते. ज्यांडिराची टेकडी मात्र दर फेरीला थोडी डावीकडे, माशीच्या तोंडाच्या बाजूला सरकायची.

"म्हातारी झाली माझी कमान," आमचे मार्गदर्शक एवरार्दो सर म्हणाले. ती त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी घडवली होती. "सरकलेल्या नोंदी काढून टाक. शुक्रवारी परीक्षक येतायत."

"नाही काढणार, सर."

मला तर तिचा रागच आला. शिष्यवृत्ती संपत आलेली, पदवी हातातोंडाशी, आणि बाईसाहेब अडून बसल्यात!

"अगं, एवढ्याशा टेकडीसाठी वर्ष घालवशील," मी म्हणाले.

"तू कॉफी आण. मी माशी उलटी बसवते."

"त्याने काय होणार?"

"उलटी केली की तिचं तोंड उजवीकडे येतं. दोष कमानीचा असेल तर टेकडी डावीकडेच जाईल. माशीचा असेल तर उजवीकडे."

उलट्या माशीत सुई टिकेना. एक माशी निसटली, दुसरी मेली, तिसरीच्या वेळी सुईच मोडली. ज्यांडिरा रडली, नाक पुसलं आणि नवी माशी घेतली. गुरुवारी दुपारी एकदाची सुई बसली. सर चीजचा पाव खात मागे येऊन उभे राहिले.

टेकडी उमटली. पुढच्या फेरीत सरकली. उजवीकडे.

"डोकं चिकटवलं आपण," ज्यांडिरा म्हणाली. "डोळ्याच्या आतला, उजेड टिपणारा पडदा मोकळाच राहिला. ती आतल्या आत नजर वळवतेय, सर."

सरांचा पाव हातातच राहिला. "मग उद्या परीक्षकांना मी काय सांगू?"

"सांगा, तुमची कमान अजून पक्की आहे."