गोजरच्या गळ्यातला हेल

सकुबाई बोलायची किन्हवलीच्या चारचौघींसारखं, पण लग्नात धवळे गायला बसली की तिच्या तोंडात सिद्धगडाकडचा हेल शिरायचा. ओळीचा शेवट ती इतका लांबवायची, की हळद लावणाऱ्या बाया हात वर धरून थांबायच्या. तिची सून गोजर कसाऱ्याची, रेल्वेच्या गँगमनची लेक, तोंडाची फटकळ.

"आत्या, बोलता किन्हवलीच्या नि गाता सिद्धगडच्या. मधी गाडी बदलता काय?"

"तू ओळ झेल गो," सकुबाई म्हणायची. "तोंड मागनं चालव."

सात वर्षं गोजर सासूच्या मागे बसून ओळी झेलत होती. अठ्ठावन्न साली मात्र सकुबाईला दम्यानं गाठलं. गावातल्या जनाबाईच्या थोरल्या लेकीची हळद दोन दिवसांवर आलेली. जनाबाई स्पष्टच बोलली, "गोजरला जमला तं ठीक. नायतर पुढच्या लग्नाला आमी मुरबाडची धवलारीण आनू."

घरातला मान जायची वेळ आली. गोजरची भूक उडाली, पण ताठा काही गेला नाही. आपण गायचं ते आपल्या बोलीत, सरळ, असं तिनं ठरवून टाकलं.

मांडव भरला. गोजरनं तोंड उघडलं आणि पहिल्याच ओळीला तो हेल बाहेर पडला. बाया फिदीफिदी हसल्या. तिनं दुसरी ओळ सरळ म्हणून पाहिली, तर शब्द आधीच संपले आणि चाल अर्धी उरली. मागच्या बायांना झेलायचं काय तेच कळेना. जनाबाईच्या कपाळाला आठी पडली. गोजर घाबरली आणि निमूट हेलावर आली. मग ओळी चालल्या, बाया झेलू लागल्या, हळद लागली. जनाबाईनं तिच्या ओटीत नारळ घातला. "वैशाखात धाकटीच्या हळदीला तूच ये," म्हणाली.

सकुबाई मांडवाच्या कडेला बसली होती. नक्कल केली म्हणून आता बोलणी बसणार, हे धरूनच गोजर तिच्याकडे गेली.

"आत्या, तुमची शपथ, चिडवत नवते. दुसरा कायी येतच नाय."

"मना तरी कुठं येत व्हता?" सकुबाईनं पदरानं डोळे पुसले. "ह्यो माजा हेल नाय गो, माज्या सासूचा. ती सिद्धगडाखालची. तिच्या मागं बसूनच शिकले."

गोजरनं त्या बाईला कधी पाहिलंही नव्हतं.

"तिला जाऊन वीस वरसां झाली," सकुबाई म्हणाली. "दमा लागला तवा वाटला, आता म्हातारी माज्यासंगंच संपनार."