पुंजका आणि हत्ती

कपडे वाळवायच्या ड्रायरच्या जाळीवर साचलेला धाग्यांचा करडा पुंजका. जोडीदार हरवलेला मोजा. चंद्रावर बसलेला हत्ती. चिवड्याच्या तेलाचा डाग. दोन पिना.

हे सगळं माझ्या अंगावर आहे. मित्रांनो, मी एक जुना अंक आहे. 'पुंजका' नावाच्या अनियतकालिकाचा पहिला.

माझा जन्म २००४ साली अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत, भांडणातून झाला. देवदत्त तिथल्या मराठी अतिवास्तववाद्यांचा म्होरक्या. गटात माणसं पाच. नियम दोन: चित्र स्वप्नातूनच यावं, आणि योगायोगाने घडेल त्याला हात लावू नये. त्यांच्यातल्याच रत्नाने गटाच्या अंकासाठी ड्रायरमधल्या पुंजक्याचा फोटो दिला.

"यार रत्ना, हा कचरा आहे. यात ड्रीम कुठंय?"

"जे आहे ते आहे. तुझ्या चंद्रावरच्या हत्तीपेक्षा खरं आहे."

देवदत्तने रीतसर पत्र वाचून तिला गटातून काढलं. गटाशिवायही आपण उभं राहू शकतो, हे दाखवायला तिने स्वतःचा अंक केला. तोच मी.

तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात दोन्ही अंक एकाच टेबलावर येणार होते. दोघांनी हट्टाने पिवळाच कागद निवडलेला. मदतीला आलेल्या कांचनकाकूंनी चिवडा खात खात पानं जुळवली, पिना मारल्या. रत्नाने मला उघडलं, तर माझ्या मधल्या पानावर देवदत्तचा हत्ती. मुखपृष्ठावरचा पुंजका माझ्यावरच राहिला, पण तिचं मधलं पान त्याच्या अंकात.

"अगं, सगळं पिवळंच की," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, एकच आहे."

कार्यक्रमाला तास उरला होता. रत्ना पिना उचकटू लागली. शेजारच्या अंकाचं पान टर्रकन फाटलं. पुढची पाळी माझी होती.

"थांब," मागून देवदत्त म्हणाला. "काढू नकोस."

"का? तुझंच पान आहे ना?"

"योगायोग आहे. माझाच रूल, हात लावता येत नाही."

रत्नाला हसू आवरेना. "मग माझीही पंचाईत. जे आहे ते आहे."

लोकांनी आम्हाला हातोहात उचललं. 'तो पुंजका द्या', असं नाव घेऊन मागत होते. रत्ना टेबलामागे ताठ उभी होती.

पुढची चार वर्षं मी मला घेऊन गेलेल्या माणसाच्या बेसमेंटमध्ये, खोक्यात काढली. कडा ओलावल्या, पिना घट्ट आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी चुकीचा जुळलेला अंक सापडला, तर त्याला दुरुस्त करू नका. कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून उघडा.

आणि हो, एक सांगायचं राहिलं: हकालपट्टीचं पत्र वाचून झाल्यावर त्या दिवशी देवदत्तला रत्नानेच गाडीतून घरी सोडलं होतं.