दारातून मागे वळणारा नवरा

ड्वाइट कॉलिअर गेल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून अर्लीनच्या दारात भांडी यायला लागली. ट्यूना घातलेल्या नूडल्स, चिकन घातलेल्या नूडल्स, वर चीजचा जाड थर, आणि त्यावर चिकटवलेली चिठ्ठी: भांडं परत करायची घाई नाही. बरबँकच्या त्या गल्लीत कुणाच्या घरातलं माणूस गेलं की असंच करतात. अडचण एवढीच, की अर्लीनच्या घरातलं कुणी गेलेलं नव्हतं. तिचा खरा नवरा तिला सोडून नेवाडात जाऊन राहिला त्याला जमाना झाला होता, आणि तो तिथे ठणठणीत होता.

ड्वाइट तिचा नवरा होता तो टीव्हीवर. 'बार्लोंचं घर' नऊ वर्षं चाललं. ते बंद होऊन पाव शतक उलटलं तरी दुपारचं कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर लागायचंच. अर्ध्या अमेरिकेने शाळेतून आल्यावर दूध पिता पिता या दोघांचा संसार पाहिला होता. त्या संसारात पलंगसुद्धा वेगवेगळे होते, मध्ये टेबल आणि दिवा. त्या काळी टीव्हीवरच्या नवरा-बायकोने एका पलंगावर झोपायचं नसे. लोकांचं त्याने काही अडलं नाही. त्यांच्या लेखी ती त्याची बायको, आणि आता बिचारी एकटी पडली.

"तुमच्या मिस्टरांबद्दल वाचलं हो," शेजारची ग्लॅडिस गरम भांडं पुढे करत म्हणाली. "काय सोन्यासारखा माणूस! आमच्या ह्यांना मी नेहमी सांगायची, जरा त्या बार्लोकडून शिका."

अर्लीनने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. ती मान खाली घालून म्हणाली, "थँक्यू, ग्लॅडिस." मग दार लावून ती तशीच उभी राहिली. तिला लाज वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं होतं.

तिचं ड्वाइटवर प्रेम होतं. कुणाला सांगितलं नाही, त्याला तर नाहीच. 'माझी राणी', 'माझी लाडकी' हे सगळं तिने नऊ वर्षं त्याच्या तोंडून ऐकलं. पण ते लेखकांनी लिहिलेलं, त्यावर भाळायला ती काही खुळी नव्हती. एकच गोष्ट कुणी लिहिलेली नव्हती. पहिल्या भागाच्या शेवटी बार्लो हॅट घालून कामाला निघतो, दार बंद, संपलं, असं कागदावर होतं. ड्वाइट दारापर्यंत गेला, थबकला, कोटाचा खिसा चाचपला, मागे वळला आणि चार पावलं परत येऊन त्याने अर्लीनच्या कपाळावर ओठ टेकवले. समोर बसलेले प्रेक्षक आधी हसले, मग टाळ्या वाजवत राहिले. "हे ठेवा!" दिग्दर्शक ओरडला. तेव्हापासून प्रत्येक भाग त्यावरच संपला.

पण पहिल्या वेळी तो आपणहून आला होता. तेवढ्यावर अर्लीनने पुढचं सगळं आयुष्य काढलं.

शुक्रवारी फ्रिजचं दार लागेना. भांडी इकडची तिकडे करताना तिच्या डोक्यात आलं, की मग नेटीकडे काय येत असेल? नेटी म्हणजे ड्वाइटची खरीखुरी, लग्नाची बायको. स्टुडिओने तिला कधी उजेडात येऊच दिलं नव्हतं. बार्लोला दुसरीच बायको आहे हे कळलं तर लोकांचा विरस होईल, म्हणून मासिकांतल्या फोटोंतही ड्वाइटशेजारी अर्लीनच. अर्लीनने सगळी भांडी गाडीत घातली आणि व्हॅन नाइस भागात नेटीच्या घरी गेली.

नेटीने दार उघडलं. बारीक बाई, पांढरे केस मागे आवळून बांधलेले, जीभ पूर्वीइतकीच तिखट.

"ये, मिसेस बार्लो," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचं कळलं. फार वाईट झालं."

अर्लीनचे कान तापले. "नेटी, हे तुझं आहे. चुकून माझ्याकडे आलं."

"काय आहे?"

"नूडल्स. बहुतेक सगळ्या नूडल्सच आहेत."

"अरे देवा! ठेव तिथे."

स्वयंपाकघरात ओटा स्वच्छ, रिकामा होता. एकही परकं भांडं नव्हतं. नेटीने दोन ताटल्या घेतल्या. ती भुकेल्या माणसासारखी जेवली, आणि ते पाहून अर्लीनला स्वतःच्या गच्च भरलेल्या फ्रिजची शरम वाटली.

"तिकडे सगळं हसणं खर्च करून यायचा," नेटी खाता खाता म्हणाली. "घरी आला की सोफ्यावर आडवा. हूं की चूं नाही. मग मी आपली गुरुवारी टीव्ही लावायची. म्हटलं बघू, आमचे हे या आठवड्यात काय बोलतायत."

"त्यातला एक शब्द त्याचा नसायचा गं. सेटवरच्या कपात कॉफीसुद्धा नसायची."

"तरी तुला सकाळचा हसरा ड्वाइट मिळाला. मला संध्याकाळचा." नेटीने काटा खाली ठेवला. "एक विचारू? किती वर्षं विचारायचं होतं. ते दारातून परत येणं. ते कुणी लिहिलं होतं?"

अर्लीनने ताटलीतल्या नूडल्स काट्याने बाजूला सारल्या. खरं सांगावं तर या बाईच्या नवऱ्याला मातीत जाऊन आठवडाही झाला नव्हता. आपणहून परत आला होता तो, माझ्याकडे, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? जीव घट्ट करून ती म्हणाली, "लेखकांनीच. कागदावर होतं तसं."

नेटीचा चेहरा खुलेल अशी तिची अपेक्षा होती. तो पडला.

"असं होय," नेटी म्हणाली. "बरं झालं विचारलं. मी आपली वेडी."

"का? काय झालं?"

"काही नाही गं. लग्न झालं तेव्हा ग्लेनडेलला एका गॅरेजच्या वर खोली होती आमची. किल्ली एकच. मालक असला चिकट, दुसरी करून देईना. मी दुपारी कामाला जायची, म्हणजे सकाळी जाताना ह्याने किल्ली माझ्याकडे ठेवायची. रोज विसरायचा मेला! जिन्यापर्यंत जायचा, खिसा चाचपायचा, परत यायचा. किल्ली माझ्या हातात, आणि..." तिने कपाळाला बोट लावलं. "पुढचं तुला माहीत आहे. पुढे दुसरी किल्ली झाली तरी विसरल्याचं सोंग करायचा. मग तुमचं ते सुरू झालं आणि घरातलं बंद पडलं. पण पहिला भाग बघितला आणि मला वाटलं, सगळ्या देशासमोर हा मलाच सांगतोय. कधी विचारलं नाही. नाही म्हणाला असता तर?" ती कोरडं हसली. "असेल. कुणा लेखकाच्या घरीही एकच किल्ली असेल."

अर्लीनला तो कोट आठवला. कोट नीट बसावा म्हणून कपडेपटाच्या बाईने त्याचे खिसे शिवून टाकले होते. त्यात किल्लीच काय, पैसा शिरला नसता. तरी दर वेळी ड्वाइट तो शिवलेला खिसा चाचपायचा. आपल्याजवळ येताना बावरतो म्हणून चाचपतो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. किती छान ठरवलं होतं!

ती गप्प राहिली असती तरी कुणाला कळलं नसतं. तिचं होतं ते आत्ता, या टेबलाशी गेलंच होतं. दोघी सारख्याच रिकाम्या राहिल्या असत्या.

"नेटी, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "कुणीही लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी तो आपणहून वळला. खिसा चाचपला, आणि त्या कोटाला खिसाच नव्हता गं, शिवलेला होता. मला आजपर्यंत कळलं नव्हतं तो काय शोधतो ते."

नेटीने ताटली बाजूला सारली. "मग खोटं का बोललीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मला?" आणि मग नेटीला समजलं. तिची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "तुला वाटायचं, तुझ्यासाठी?"

"हो."

"एवढी वर्षं?"

"हो गं."

नेटी हसली नाही. तिने टेबलावरून हात पुढे करून अर्लीनचं मनगट धरलं, आणि मग तिला जे रडू फुटलं ते आवरेना. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती. अर्लीन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. स्वतः रडायचा आपल्याला हक्क आहे का, हे तिला ठरवता येईना, म्हणून ती रडली नाही.

ती घरी परतली तेव्हा ग्लॅडिस पायरीवरच उभी होती. या वेळी पीचचा केक होता.

"तो केक व्हॅन नाइसला न्या," अर्लीन म्हणाली. "त्याची बायको तिथे राहते. नेटी नाव. पत्ता देते मी."

"बायको?" ग्लॅडिस गोंधळली. "अहो, पण मी रोज बघायची ना! दारातून परत यायचा तो तुमच्याकडे!"

"किल्ली द्यायला यायचा," अर्लीन म्हणाली. "तिची होती. मी तिथे फक्त कामाला होते, ग्लॅडिस."