नऊ मुलांसाठी एक खोली

मी मुकुलची पिशवी बोलतेय. जरा धापा टाकतच बोलतेय, कारण स्वस्थ बसणं माझ्या वाट्याला आलंच नाही.

कल्याणच्या बाजारात एका दुकानाबाहेर मी लटकत होते. निळी, पाच कप्प्यांची. मुकुलच्या आईने, देवयानीने माझी चेन सात-आठ वेळा उघडून-मिटून पाहिली. मुकुल तेव्हा दहा महिन्यांचा होता आणि तिची रजा संपत आली होती. ती माजिवड्याला एका लॅबमध्ये रक्त तपासते. नवरा साकेत कंपनीत, कधी सकाळची पाळी तर कधी दुपारची.

पहिलं पाळणाघर साकेतच्या वडिलांनी, भाऊंनी शोधलं. एसी, भिंतीवर जिराफ, कॅमेरा. "जागा बघ कशी चकाचक आहे," भाऊ म्हणाले.

कॅमेरा फक्त दाराकडे बघायचा. आतलं मी बघायचे. मला एका खणात कोंबलं की दिवसभर कुणी हात लावत नसे. पावणेसहा वाजले की मात्र चेन सर्रकन उघडायची. उरलेलं दूध बेसिनमध्ये ओतलं जायचं, कोरडे कपडे बाहेर, सकाळपासूनचे ओले आत. सहाला मुलांच्या आया न्यायला यायच्या तेव्हा मुलं स्वच्छ, भांग पाडलेली. मी आतल्या आत घुसमटायचे. पिशवीला तोंड असून काय उपयोग? मला एवढंच जमायचं, की तो वास घरी न्यायचा. देवयानी कपडे हुंगायची, मुकुलच्या मांड्यांवरच्या लाल चट्ट्यांना तेल लावायची.

एके दिवशी लॅबमधलं मशीन बंद पडलं आणि ती तीनलाच आली. मुकुल खुर्चीत पट्ट्याने बांधलेला, समोर टीव्ही.

"मुकुल, अरे, मी आलेय रे!"

त्याने हात वर केले नाहीत. रडलाही नाही. एकदा तिच्याकडे बघितलं आणि परत टीव्हीकडे. ती माझी चेनही न लावता त्याला घेऊन बाहेर पडली.

मग आठ दिवस वणवण. एका ठिकाणी वीस मुलांमागे एकच मुलगी होती. दुसऱ्या ठिकाणी आईबापांना आत यायलाच बंदी. लॅबमधून रोज फोन, "मॅडम, कधी येताय?" साकेत म्हणाला, "तू नोकरी सोडतेस का?" ती म्हणाली, "तू सोडतोस का?" ती मला नुसती भरायची, रिकामी करायची, परत भरायची.

कल्याणच्या एसटी स्टँडवर बाकावर शेजारी बसलेली कंडक्टर रचना तिची ही धडपड बघत होती. "ताई, शहाडला केशरबाईंकडे जाऊन बघा. माझी मुलगी तिथेच असते. मी लांबच्या गाडीवर बिनधास्त जाते."

चाळीतली एक खोली होती. स्वच्छ सतरंजी, आठ मुलं, केशरबाई आणि त्यांची सून. "आत या," केशरबाई म्हणाल्या. "दोन दिवस इथेच बसा. सगळं बघा, मग ठरवा."

त्यांनी मला सतरंजीवर पूर्ण रिकामं केलं. घराबाहेर पहिल्यांदाच कुणी केलं तसं! "हे फडकं कशाला?"

"झोपताना गालाशी धरतो."

"बरं झालं सांगितलंत."

तिसऱ्या दिवशी देवयानी निघाली आणि मुकुलने भोकाड पसरलं. ती दारातच थबकली. केशरबाईंनी त्याला कडेवर घेतलं. "रडू द्या. आई गेली, हे कळतंय त्याला. संध्याकाळी ती येते, हेही कळेल."

घरी भाऊ भडकले. "चाळीत ठेवणार पोराला? कोण लोक असतात तिथे?"

"केशरबाई असतात," देवयानी म्हणाली.

दीड वर्ष गेलं. मुकुल बोलायला लागला, दुसऱ्याला खाऊ द्यायला शिकला. आणि गेल्या महिन्यात चाळ पाडायचं ठरलं. नवी जागा शोधायला केशरबाईंनी आठवडाभर मुलं घेणं बंद केलं, आणि नऊ घरांची घडी विस्कटली. रचनाने लांबची गाडी सोडली. एका शिक्षिकेचा वर्ग बाईंशिवाय बसला. देवयानी लॅबमधून रोज लवकर निघायची; तिथे दारात रिपोर्टची वाट बघत पेशंटचे नातेवाईक ताटकळले.

मुकुलला भाऊंनी सांभाळलं. पहिल्या दिवशी हौसेने, दुसऱ्या दिवशी कंबर धरून. तिसऱ्या दिवशी ते त्याला आणि मला घेऊन शहाडला गेले. केशरबाई सामान बांधत होत्या.

"बाई, तुम्ही नऊ जणांचं कसं करता हो?"

"एकेकाचं करते, भाऊ."

भाऊ घरी आले आणि कागद-पेन घेऊन बसले. आमच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल मोडक्या खुर्च्यांनी भरलाय. तो केशरबाईंना भाड्याने द्यावा, असा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला.

आज त्याचीच सभा चालू आहे. मी देवयानीच्या पायाशी आहे. मुकुल माझा बंद ओढतोय. सोसायटीतले प्रफुल्लकाका म्हणाले, "आवाज होईल. बाहेरची माणसं येतील-जातील."

भाऊ उठले. "आवाज होणारच. जिथे मुलं अजिबात आवाज करत नाहीत, अशी जागा मीच शोधली होती. माझं चुकलं." ते खाली बसले आणि चष्मा पुसत राहिले.

केशरबाई बाहेर जिन्यात उभ्या आहेत. त्यांना आत बोलवावं, हे कुणालाच सुचलेलं नाही.

आत्ता मतं मोजतायत. अकरा हात वर आहेत, तेरा हवेत. मला हात नाहीत, नुसते बंद आहेत.

मागच्या रांगेत बसलेल्यांनो, तुमची मुलं मोठी झाली असतील, किंवा अजून झाली नसतील. तरी तुमचा हात वर करा.