आठवा खोकला

आमचे हे कोट शिवतात आणि खोटं बोलतात. दोन्ही अगदी मापात.

म्हणजे असं, की हे टेप लावून आकडा मोठ्याने सांगतात आणि मी तो मापाच्या वहीत लिहिते. पण पोटाचं माप हे कधीच खरं सांगत नाहीत. बाकावर चार गिऱ्हाइकं बसलेली असतात, त्यांच्यासमोर कुणाचं पोट कशाला चव्हाट्यावर आणायचं? म्हणून हे कमी आकडा सांगतात आणि खोकतात. जितके खोकले, तितके इंच मी वाढवायचे. हेडसरांच्या पहिल्या कोटाला दोन खोकल्यांत भागलं होतं. पुढे सरांचं पोट वाढलं तसा यांचा खोकला वाढला. लोक बिचारे औषधाच्या बाटल्या आणून देतात.

गेल्या महिन्यात जावईबापूंनी बोलता आरसा आणला.

"एआय आहे, आई. समोर उभं राहिलं की सगळी मापं तोच सांगतो. तुमची लिहायची कटकट गेली."

कटकट! तीस वर्षं वही सांभाळली, ती कटकट? पण जावयाला बोलणार काय, कपाळ! तोंड भरून हसले आणि आतल्या आत धुमसत बसले.

सोमवारी हेडसर आले. शनिवारी त्यांच्या निवृत्तीचा समारंभ, अख्ख्या शाळेसमोर नवा कोट घालून बोलायचं होतं. बाकावर त्यांचेच तीन जुने विद्यार्थी, आता टक्कल पडलेले. सर आरशासमोर ताठ उभे राहिले आणि त्यांनी श्वास आत ओढला.

"कृपया श्वास सोडा," आरसा म्हणाला.

सरांनी सोडला.

"पोट अठ्ठेचाळीस! छातीपेक्षा पाच जास्त. रोज चालायला जा."

आवाज असा खणखणीत, की समोरचा चावीवालासुद्धा वळून बघायला लागला. बाकावरचा एक टकल्या फिस्सकन हसला. ज्या माणसाने नुसत्या नजरेने शाळा गप्प केली, तो खाली मान घालून उभा! मला इतकं वाईट वाटलं, की त्या आरशाला कात्रीच फेकून मारावीशी वाटली.

"राहू दे. जुनाच घालीन," म्हणाले आणि कापड काखोटीला मारून निघून गेले. जुना! त्याचं बटण चार वर्षांपासून काजापर्यंत पोचत नाही.

जावईबापूंनी मग आरशाला सभ्यता शिकवली. बुधवारी दुकानात येऊन स्वतःच समोर उभे राहिले.

"आपलं पोट अत्यंत आदरणीय आहे," आरसा म्हणाला. "बेचाळीस!"

जावईबापूंनी खोचलेला शर्ट हळूच बाहेर काढला. मी आतली चादर आणून आरशावर टाकली, तर त्यांनीच दुसरं टोक ओढून नीट झाकलं.

"आत्ताच्या आत्ता जा आणि सरांना घेऊन या," मी यांना म्हटलं.

"येतील का गं?"

"नाही आले तर तिथेच बसून राहा!"

आले एकदाचे. बाकावर जावईबापू आणि दोन गिऱ्हाइकं, कुणी कुणाकडे बघेना. यांनी टेप लावला.

"पोट चाळीस!" आणि हे खोकायला लागले. मी मनात मोजत होते. पाचव्या खोकल्याला चादरीखालून आवाज आला, "सततचा खोकला. छातीचा एक्स-रे काढून घ्या."

हे दचकले. सातव्याला खरोखरचा ठसका लागला, डोळे पांढरे झाले, घशातून आवाजच फुटेना.

मी पेन धरून बसले. आकडा मला तोंडपाठ होता, अख्ख्या गल्लीला होता. पण खोकला आल्याशिवाय मी आजवर एक इंच वाढवलेला नाही, आणि आज तर मुळीच वाढवणार नव्हते.

हेडसर छताकडे बघत होते. त्यांनी तोंडासमोर मूठ धरली आणि हळूच एकदा खोकले.

अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं हा माणूस मोजत होता! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मी अठ्ठेचाळीस लिहिलं.