हरीण पाण्यात

तिशीपासून मी पळतोय. आमच्या पळणाऱ्यांच्या टोळक्यात मला हरीण म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते नाव मला आवडतं. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा वाटलं, यात अवघड ते काय! आधी पोहायचं, मग सायकल, शेवटी पळायचं. शेवटचं तर आपल्या हातचा मळ. नाव नोंदवून झाल्यावर नियम वाचला: ठरलेल्या वेळेत पाण्याबाहेर आला नाहीत तर तिथेच बाद. सायकल नाही, पळणं नाही. म्हणजे हरीण टॉवेल गुंडाळून तळ्याकाठी बसणार आणि बाकीचे पळणार. माझी झोपच उडाली.

शेवटी वहिनींना शरण गेलो. थोरल्या भावाची बायको. तरण तलावावर शिकवतात आणि तोंडाच्या फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी हातात फोमची फळी दिली. ‘‘भावोजी, नुसते पाय मारत पलीकडे जा.’’

मी जीव खाऊन पाय मारले. पाणी छताला लागायचं तेवढं बाकी होतं. धापा टाकत मागे पाहिलं, तर भिंत होती तिथेच. उलट जरा जवळच आलेली. शेजारून फुलाफुलांची टोपी घातलेल्या एक आजी शांतपणे पुढे निघून गेल्या. मला त्यांचा मनापासून राग आला.

‘‘तुम्ही पाण्यात पळताय,’’ वहिनी काठावरून म्हणाल्या. ‘‘गुडघे दुमडताय आणि घोटे ताठ. पळणाऱ्यांची खोडच ही. पाय सोडून द्या, हातांनी पुढे चला.’’

‘‘पाय सोडून कसे देऊ? माझ्याकडे तेवढंच तर आहे!’’

‘‘तेच नडतंय तुम्हाला.’’

मी दातांचा डॉक्टर. जन्मभर लोकांना तोंड उघडा म्हणत आलो, आता ते वेळेवर मिटायला शिकता शिकता निम्मा तलाव पोटात गेला. खुर्चीत घाबरून बसणाऱ्यांवर मी हल्ली खेकसत नाही.

स्पर्धेच्या सकाळी तळं गार आणि काळपट होतं. भोंगा वाजला, चहूबाजूंनी लोकांचे हातपाय अंगावर आले आणि शिकलेलं सगळं पार धुऊन गेलं. माझे पाय पळायला लागले. वाट दाखवायला पाण्यात सोडलेल्या पिवळ्या फुग्यांपैकी पहिल्यापर्यंतही पोहोचलो नव्हतो आणि दम संपला. बचावाची नाव जवळ आली.

‘‘नाव धरून दम खाल्लेला चालतो,’’ नावाडी म्हणाला. ‘‘वर चढलात की संपलं. येताय वर?’’

मी नावेची कड धरली. एक पाय तर वर चढायला तयारच होता, गद्दार! रडू येत होतं, आणि स्वतःचा भयंकर संताप.

‘‘नाही येत,’’ म्हणालो आणि हात सोडला.

पाय मागे नुसते तरंगू दिले. माझे नाहीतच असं धरून चाललो. एक हात, दुसरा हात, श्वास. फुगा आला आणि मागे गेला. पुढचाही गेला. मग कानावर वहिनींचा आवाज आला. गळा फाडून ओरडत होत्या.

‘‘भावोजी, उठा! उभे राहा! पाणी गुडघ्याएवढं आहे!’’

खरंच होतं. मी चिखलात हात मारत होतो. तसाच धडपडत उठलो आणि काठावरची वेळ नोंदवणारी पट्टी ओलांडली, तेव्हा पंचांनी वेळ संपल्याची शिट्टी तोंडात धरली होती, पण अजून वाजवली नव्हती.

सायकलवर मला सगळ्यांनी मागे टाकलं. टाकू दे. पळायला निघालो ते डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून. एका बाईंनी हसत हसत सांगितलं तेव्हा कळलं. पाय आधी ओंडके झाले, मग हळूहळू ओळख देऊ लागले. त्यानंतर मी एकेकाला गाठत सुटलो. इतका आनंद मला पळताना कधीच झाला नव्हता.

शेवटच्या रेषेपाशी टोळकं नाचत होतं. ‘‘हरणा, पळण्याचा टाइम काय?’’ कुणीतरी विचारलं. मी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं. गळ्यातलं पदक काढून वहिनींच्या हातात दिलं आणि तळ्याकडे वळलो.

‘‘अहो भावोजी, कुठे निघालात? संपली स्पर्धा!’’

‘‘संपली ना? मग आता मला कोण बाहेर काढतंय!’’ म्हणालो आणि पाण्यात शिरलो.