मुकुटाचा रंग

गुणाजीने गोणपाट अंथरलं, बॅटरी दातांत धरली आणि तो पाठीवर सरकत गाडीखाली गेला. यूनुसशेठची जुनी मॉरिस रोह्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये चार वर्षं उभी होती. मधल्या काळात कोंबड्यांनी तिच्या टपावर संसार थाटला होता.

"चाचा, आज होईल ना?" बाहेरून झोयाने विचारलं. रविवारी तिचा निकाह होता, आणि बापाच्या गाडीतूनच सासरी जायचं हा तिचा हट्ट होता.

"व्हईल गो," बॅटरी हातात घेऊन तो म्हणाला.

इंजिन, ब्रेक, टायर सगळं रोह्याच्याच एका मेकॅनिकने करून दिलं होतं. मागच्या ॲक्सलला मात्र शेठच्या बायकोने, जुबेदाभाभीने, त्याला हात लावू दिला नव्हता. त्यासाठी पेणला निरोप गेला, नवे यू-बोल्ट घेऊन गुणाजीनेच यावं म्हणून. असं का, ह्याचा विचार करत तो सकाळच्या गाडीत बसला होता. कासू स्टेशन आलं तेव्हा त्याने खिडकीकडे पाठ केली.

कासूच्या पुढेच ही मॉरिस रस्ता सोडून भातखाचरात उलटली होती आणि यूनुसशेठ जागच्या जागी गेले होते. म्हैस आडवी आली असेल, असं लोक म्हणाले, आणि पंचनाम्यातही तेच आलं. सगळ्यांना ते पटलं. गुणाजीला पटलं नाही, कारण त्याच दुपारी गाडी त्याच्या पेणच्या गॅरेजातून निघाली होती.

मागचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांना धरून ठेवतात ते चार यू-बोल्ट आणि त्यांचे आठ नट. शेवटचा पीळ दिला, की गुणाजी त्या नटावर सोनेरी ठिपका द्यायचा. त्याची बायको पुतळी जोहे गावातल्या कारखान्यात गणपतींचे मुकुट रंगवायची, तिच्या वाटीत उरलेला तो रंग. ठिपका आहे म्हणजे नट आवळलेला आहे, इतका साधा हिशेब. यूनुसशेठना ह्याचं भारी कौतुक. आमच्या गाडीला गुणाजीने आठ दागिने घातलेत, असं ते घरीदारी सांगत फिरायचे.

त्या दिवशी गणपती तोंडावर आले होते. सात नट झाले होते आणि जोह्याहून माणूस धापा टाकत आला. मूर्तींचा ट्रक चिखलात रुतून बंद पडला होता. गुणाजी पाना टाकून तसाच उठला. दोन तासांनी परतला तर शेठ स्टिअरिंगवर बसून घाई करत होते. त्याने हात हलवून त्यांना निरोप दिला. तो राहिलेला नट आपण आवळला का, हा प्रश्न त्याला पडला तो थेट मयतीला, ह्या घराच्या ओट्यावर बसल्यावर. गाडी मागेच उभी होती. जाऊन बघायची त्याची छाती झाली नाही.

आता त्याने उजवीकडचा वाळला चिखल खरवडला. चार नट, चार ठिपके. डावीकडे तीनच. चौथ्या जागी नट नव्हताच, आणि त्या बाजूचा ॲक्सल पाट्यांवरून सरकला होता. उघडे आटे गंजले होते आणि त्यांच्यावर सोनेरी रंगाचा कणही नव्हता.

त्याला रडू आलं आणि रडण्याचीही लाज वाटली. मग हात आपणहून कामाला लागले. जॅकने ॲक्सल जागेवर आणला, जुने बोल्ट काढून नवे घातले, गाडी चाकांवर उतरवली आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले. एकेका नटाला शेवटचा पीळ, मग ठिपका. असे आठ.

जुने बोल्ट त्याने फडक्यात गुंडाळले. जाताना पुलावरून कुंडलिका नदीत टाकले असते, तर कुणाला काही कळलं नसतं.

तो बाहेर आला. जुबेदाभाभी चहाचा कप घेऊन उभी होती. झोयाला तिने घरात पाठवलं होतं. गुणाजीने फडकं तिच्यासमोर जमिनीवर उघडलं.

"भाभी, म्हैस नव्हती. ह्यातला एक नट माज्याकडनं आवळायचा रायला. शेठ माज्यामुळं गेले."

तिने बोल्टांकडे पाहिलंही नाही.

"ठाऊक हाय. सातच ठिपके हायत."

"तुमाला कवा कळलं?"

"गाडी ओढून आणली त्याच दिवशी. खाली शिरून मोजले मी." तिने ओट्याकडे मान वळवली. "तुमी ओट्यावर बसलेलात. वाटलं, आता सांगाल. मग वाटलं, चाळिसाव्याला याल नि सांगाल. चार वर्षं दाराकडं बघत व्हते, गुणाजीभाऊ."

"मला खातरी नव्हती, भाभी. बघायची हिंमतच झाली नाय."

"म्हणून तर बोलावलं."

कप त्याच्या हातात देऊन तिने बॅटरी मागून घेतली. ओढणी कमरेला खोचली, गोणपाटावर आडवी झाली आणि गाडीखाली गेली. गुणाजी चहा हातात धरून उभा राहिला. खालून तिचा आवाज येऊ लागला. एक. दोन. तीन. सातानंतर ती थांबली. इतका वेळ थांबली, की गुणाजीने डोळे मिटून घेतले.

"आठ," ती म्हणाली.

बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना माती होती आणि बोटाला ओला सोनेरी रंग. तिने ते पुसलं नाही. तिने मागचा दरवाजा उघडला आणि ती सीटवर जाऊन बसली.

"चला," ती म्हणाली. "कासूपर्यंत जाऊन येऊ."